तेरा मिनिटांची जागा

प्रेमाकाकी कॅमेरा सुरू करण्याआधी पायांतली चप्पल काढायची. लग्नाचा मांडव असो, कुणाचं अंगण असो, नाहीतर भर रस्ता. एकदा चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात, गणपतीवर टांगायच्या माटोळीची रानफळं विकायला बसलेल्या बायकांपुढे तिने चिखलातच चप्पल काढून बाजूला ठेवली आणि चित्रण सुरू केलं. तेवढ्यात कुणीतरी ती चप्पल घालून निघून गेलं. नेणाऱ्याचे पाय मात्र चित्रात आले. पुढे कितीतरी वेळा ते चित्रण पाहताना काकी हसायची. पाय कुणाचे ते तिने ओळखलं होतं, पण आम्हाला शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. चप्पल का काढायची असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याच्या घरांत वतना काडटात न्ही?" दुसऱ्याच्या घरात जाताना काढतात ना. कॅमेऱ्यातून पाहणं म्हणजे तिच्या लेखी घरात शिरणंच होतं.

ती आमची घरमालकीण. डिचोलीपासून थोडं आत, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून तिचं घर होतं, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. बाबा दोडामार्गकडचे, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. मी पाचवीत असताना आम्ही तिथे आलो. त्या वेळी काकी पन्नाशीची असावी. काका मस्कतहून कायमचे परतले तेव्हा त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा आणि डीव्हीडीवर चित्रण उतरवणारं एक रेकॉर्डर यंत्र आणलं होतं. लग्नांचं शूटिंग करायचा धंदा घालायचा त्यांचा विचार होता. पण एकच चवथ झाली आणि काका गेले. यंत्र मेजावर क्रोशाच्या रुमालाखाली पडून राहिलं. वर्षभराने शेजारच्या लग्नात ठरलेला शूटिंगवाला आलाच नाही. तेव्हा काकी घरी गेली, कॅमेरा काढला, वेगवेगळी बटणं दाबून पाहिली आणि मांडवात येऊन उभी राहिली. नवरीला चुडा भरतात त्या खोलीत पुरुष शूटिंगवाल्याला कुणी घेत नसे. काकी सरळ आत गेली. तेव्हापासून वाड्यावरचं, म्हणजे आमच्या वस्तीतलं, कुठलंच कार्य तिच्याशिवाय झालं नाही.

कॅमेऱ्यामागून ती एकच वाक्य बोलायची, "म्हाका पळोवं नाकात, तुमचें काम करात." माझ्याकडे बघू नका, तुमचं काम करा. तिच्या प्रत्येक चित्रणात हे वाक्य कुठे ना कुठे ऐकू येतं. ती स्वतः मात्र कुठेच दिसत नाही.

तिची काम करायची रीत दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही. बाकीचे लोक प्रत्येक कार्याची वेगळी डिस्क करतात. काकीचा नियम होता, एका घराला एक डिस्क. लग्न झालं की कॅमेऱ्यातल्या कॅसेटवरचं चित्रण तारा जोडून त्या घराच्या डिस्कवर उतरवायचं, आणि पुढचा भाग मोकळा ठेवायचा. मग बारसं आलं की ते त्याच्यापुढे. मग चवथ, मग सत्यनारायण. त्यामुळे एकाच डिस्कवर सुरुवातीला दात असलेली म्हातारी पुढे बिनदाताची दिसायची, आणि मग कुठेतरी नाहीशी व्हायची. डिस्क भरत आली तरी ती शेवटी थोडी जागा राखायची. कुणी म्हणालं की उरलेल्या जागेत एखादं गाणं घाल, की तिचं ठरलेलं उत्तर, "आजून येवपाचें आसा." अजून यायचं आहे.

नवी डिस्क फक्त एकाच कारणाने सुरू व्हायची. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तर. म्हणून वाड्यावर कुणाची नवी डिस्क निघाली असं कळलं की बायका आवाज खाली करून बोलायच्या.

आमची डिस्क नव्हती. काकीने आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "आमका खंयचा घर, काकी? आमी भाड्यान रवतंव." काकीने पुन्हा विषय काढला नाही, पण ते तिला पटलं नव्हतं हे मला त्या वयातही कळलं.

बारावीनंतर मी म्हापशाला कॉलेजात जायला लागले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तिथे सगळं कसं करतात, कुणाला काय विचारायचं, हे मला ठाऊक नसे, म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच असायची. दुसऱ्या वर्षी आम्हाला आपल्या गावावर दहा मिनिटांची फिल्म करायला सांगितली. पहिल्यांदाच मला वाटलं की माझ्याकडे काहीतरी आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही. मी काकीकडून चार डिस्क मागून नेल्या. तिने त्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून दिल्या.

कॉलेजच्या संगणकात पहिली डिस्क घातली. पडद्यावर आलं, ही डिस्क रिकामी आहे. दुसरी घातली, तीही रिकामी. चारही रिकाम्या. मागे उभी असलेली मुलं हसली नाहीत, पण एकाने विचारलं, "तू नक्की बघितलीस ना, ह्यात काय आसा ते?" मी म्हटलं, हो, आणि माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा काकी रागावली नाही. "रिकामी? चवथ रिकामी? तुमचो कंप्युटर कुड्डो आसतलो," म्हणाली. तुमचा संगणक आंधळा असेल. तिने रुमाल काढला, डिस्क आपल्या यंत्रात घातली, आणि टीव्हीवर चवथ सुरू झाली. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला, कुणीतरी उंडे, गरम पाव, घेऊन आत आलं, आणि पाठोपाठ काकीचा आवाज, म्हाका पळोवं नाकात.

काय झालं होतं ते प्रयोगशाळेतल्या सरांनी समजावलं. अशा डिस्कवर चित्रण संपलं की ती यंत्रातच बंद करावी लागते. बंद केली की ती कुठेही दिसते, संगणकात उतरवता येते, कापता-जोडता येते. पण मग तिच्यावर पुढे काही घालता येत नाही. बंद केली नाही, तर ती फक्त ज्या यंत्रात भरली त्यालाच ओळखते. काकीने एकही डिस्क कधी बंद केली नव्हती. एकतीस घरांच्या एकतीस डिस्क, सगळ्या उघड्या. आणि ते एकच यंत्र आता डिस्क घातली की बराच वेळ घरघरायचं, कधी कधी नुसतीच बाहेर टाकायचं. ते बंद पडलं असतं तर सगळा वाडाच गेला असता.

हे सगळं मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, बंद करायच्या तर करू, पण विचारल्याशिवाय नाही. डिस्क त्या घराच्या आहेत, तिच्या नाहीत.

आणि खरंच, पुढचे काही दिवस आम्ही दोघी घरोघर गेलो. ती बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायरीशी चप्पल काढायची आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारायची, "बंद करूं?" एका म्हातारीने आमच्या मागे अंगणापर्यंत येऊन सांगितलं की तिच्या गायीची पाडी डिस्कवर आलेली नाही, ती घेतल्याशिवाय बंद करायचं नाही. काकीने दुसऱ्या दिवशी कॅमेरा नेऊन ती पाडी घेतली. वरच्या घरचे दोन भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण चूल एकच होती म्हणून डिस्कही एकच होती. धाकटा म्हणाला, थोरल्याला विचार. थोरला म्हणाला, धाकट्याला विचार. शेवटी काकी म्हणाली, दोघं एका वेळी हो म्हणा, नाहीतर मी इथून उठत नाही. दोघं बाल्कांवच्या दोन टोकांना, दोन दगडी बाकांवर, दोन दिशांना तोंडं करून बसले आणि एकदम हो म्हणाले. थोरल्याच्या बायकोला हसू आवरेना, ती उठून आत गेली.

रोज दुपारी आम्ही तीन-चार डिस्क बंद करायचो. मग मी त्या कॉलेजात नेऊन संगणकात उतरवायची. तिथे एका घराचे पाच-सहा तुकडे होऊन यायचे, त्यांना नावं नसायची, नुसते आकडे. मी नावं द्यायची: लग्न, बारसं, पाडी. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी सुरू केलेलं काम कधी संपूच नये असं मला वाटायला लागलं होतं.

तीस डिस्क झाल्या. एकतिसावी काकीच्या स्वतःच्या घराची होती. मी हात पुढे केला तेव्हा तिने ती बिस्किटांच्या डब्यात परत ठेवली. "ही नाका," म्हणाली.

त्या डिस्कच्या सुरुवातीला काका होते, त्यांच्या शेवटच्या चवथीला स्टुलावर उभं राहून माटोळी बांधताना. मग नितीन, काकीचा एकुलता मुलगा, नव्या बॅगेशेजारी उभा, बोटीवर नोकरीला निघाला तो दिवस. त्यानंतरच्या चवथी होत्या, नितीनशिवाय. शेवटी तेरा मिनिटं मोकळी. ती नितीनच्या लग्नासाठी होती. नितीन तीन वर्षं घरी आला नव्हता. आधी फोनवर लवकर येतो म्हणायचा, मग तेही म्हणेनासा झाला. माझी आई एकदा गमतीने म्हणाली होती, लग्न तेरा मिनिटांत बसायचं कसं? काकी म्हणाली, "पयलीं तो येवं दी. बसोवप म्हजें काम." आधी तो येऊ दे, बसवणं माझं काम.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. एका सकाळी काकी मासळी आणायला बाजारात गेली होती. आदल्या दिवशी यंत्राने एक डिस्क पाच वेळा बाहेर टाकली होती. मला काका दिसत होते, स्टुलावरचे. वाटलं, हे यंत्र उद्या गेलं तर काकीकडे नवऱ्याचा हलता-बोलता एक क्षणही उरणार नाही. मी डबा उघडला, डिस्क यंत्रात घातली आणि बंद केली. त्याच दिवशी कॉलेजात नेऊन उतरवली आणि संध्याकाळी परत फडक्यात गुंडाळून ठेवली. काकीला सांगितलं नाही. वेळ आली की सांगू असं ठरवलं. आपण चांगलंच केलं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

महिन्याभराने नितीनचा फोन आला. त्याने बोटीवरच्याच एका मुलीशी लग्न केलं होतं, तिकडेच, सही करून. मुलगी फिलिपिन्सची. आठ दिवसांसाठी तिला घेऊन येणार होता. वाड्यावर बरीच कुजबुज झाली. काकीने ती ऐकलीच नाही. घर रंगवलं, भटजींना सांगितलं, सुनेला हिरवा चुडा भरायला कांकणकाराला बोलावलं. ती मुलगी काकीशी हाताच्या खुणांनी बोलायची आणि काकी तिच्याशी सरळ कोकणीत. दोघींचं छान चाललं होतं. पूजेच्या दिवशी काकी स्वतःच्याच घरात चप्पल नसताना सवयीने पाय झटकून कॅमेऱ्यामागे उभी राहिली, आणि म्हणाली, म्हाका पळोवं नाकात. नितीन आईकडे बघतच राहिला. तिने अगदी मोजून तेरा मिनिटं चित्रण केलं.

दुसऱ्या दिवशी तिने तारा जोडल्या. मी शेजारीच उभी होते. तिने डिस्क घातली, लाल बटण दाबलं. यंत्राने नकार दिला. तिने डिस्क काढून पदराला पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा तिने तसं केलं तेव्हा मी सांगितलं.

नितीन म्हणाला, "आई, नवी घे मगो. डिस्कूच न्ही?" नवी घे ना, डिस्कच तर आहे. बोटीवर गेलेल्या माणसाला वाड्यावरचे नियम आठवत नसतील. काकी त्याला एवढंच म्हणाली, "नवी म्हणल्यार तुजें रांदण वेगळें जालें." नवी म्हणजे तुझी चूल वेगळी झाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"हांव तीस घरांनी विचारून आयलें, दिपू. तुवें म्हाकाच विचारलें ना."

मी तीस घरांत विचारून आले, तू मलाच विचारलं नाहीस. त्यानंतर ती जेवण वाढायला गेली. नितीन निघाला त्या दिवसापर्यंत ती माझ्याशी बोलत होती, पण मला दिपू म्हणत नव्हती, दीपाली म्हणत होती.

मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. नितीनची तेरा मिनिटं कॅमेऱ्यातून संगणकात घेतली आणि काकीच्या घराच्या चित्रणाला शेवटच्या चवथीपुढे जोडली. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि काकीच्या मेजावर ठेवला. काकीने सगळं पाहिलं, काकांपासून सुनेच्या चुड्यापर्यंत. मग बोट पडद्याजवळ नेऊन म्हणाली, "सांदो दिसना." जोड दिसत नाही. थोड्या वेळाने विचारलं, हे बंद आहे का? मी सांगितलं, संगणकात असतं ते उघडंच असतं, पाहिजे तेवढं पुढे घालता येतं, मधेसुद्धा घालता येतं. काकीने माझ्याकडे असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. "तर मगीर तें आदीं सांगपाक तुका कितें जाल्लें गे, दिपू?" मग ते आधी सांगायला तुला काय झालं होतं? तिने दिपू म्हटलं म्हणून मी रडले. तिला वाटलं, ती मला बोलली म्हणून रडते.

त्याच सुमारास खाणी बंद झाल्या. रस्त्यावरची लाल धूळ बसली आणि घरं चिडीचूप झाली. बाबा ट्रक चालवायला बळ्ळारीकडे गेले. एका रविवारी काकी कॅमेरा घेऊन आमच्या मागच्या खोल्यांत आली. दारातच चप्पल काढली. आईने पुन्हा तेच म्हटलं, भाड्याचं घर. काकी म्हणाली, चूल तुझी आहे ना, मग घर तुझं. आईने भाकऱ्या केल्या, मी पुस्तक उघडून बसल्याचं सोंग केलं. मग आईने कधी नाही ते धाडस केलं. पिठाचे हात पुसले आणि कॅमेरा मागितला. धरता येत नव्हता, म्हणून आधी जमीन आली, मग काकीचे अनवाणी पाय, मग हळूहळू वर काकी. काकीला हात कुठे ठेवावेत कळेना. आई कॅमेऱ्यामागून म्हणाली, "माका बघू नको, काकी, तुझा काम कर." काकी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काकीने ती अकरा मिनिटं नव्या डिस्कवर उतरवली, मला टीव्हीवर दाखवली, आणि डिस्कवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दिपूचें घर. मग बटणावर बोट ठेवून, जसं तीस घरांत विचारलं तसं, मला विचारलं, "बंद करूं?"

मला सगळं ठाऊक होतं. यंत्र किती दिवसांचं आहे ते मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "आज नको, काकी. बाबा येऊ देत." डिस्कवर आमचं घर होतं आणि त्यात बाबा नव्हते. काकीने बोट उचललं.

बाबा यायच्या आधीच यंत्र गेलं. दुरुस्तीला डिचोलीत नेलं, म्हापशाला नेलं, त्याचा भाग कुठे मिळत नाही असं कळलं. कॅमेऱ्यातल्या त्या कॅसेटवर तोवर दुसऱ्या घरचं बारसं चढलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही त्या खोल्या सोडल्या, बाबांना पेडण्याकडे काम मिळालं म्हणून. निघताना काकी बाल्कांवच्या पायरीवर उभी होती. टेम्पो वळेपर्यंत मी मागे बघत होते. दोन पावसाळ्यांनंतर सकाळी फुलं काढताना ती अंगणातच पडली, आणि उठली नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नितीन चौथ्या दिवशी आला. त्याने मला आईचा एखादा व्हिडिओ आहे का विचारलं. मी संगणकातली एकतीस घरं त्याला दिली. सगळीकडे तिचा आवाज आहे, ती कुठेच नाही.

बिस्किटांचा डबा त्याने मला दिला. आत लुगड्याच्या तुकड्यात ती एक डिस्क आहे, दिपूचें घर. एक मित्र म्हणतो, उघड्या डिस्कमधलंही काढून देणारी सॉफ्टवेअरं असतात, जमेल, पण एका चुकीने आहे तेही जाऊ शकतं. मी नितीनला फोन करून विचारलं, प्रयत्न करू का. आईलाही विचारलं, बाबांनाही. तिघांनीही तुला वाटेल तसं कर म्हटलं. जिला विचारायचं ती राहिली.

कधी कधी मी ती डिस्क संगणकात घालते. पडद्यावर येतं, ही डिस्क रिकामी आहे, हिच्यावर काय भरायचं आहे? त्यात आईचा पिठाचा हात आहे, काकीचे अनवाणी पाय आहेत, आणि तिचं खाली बसून हसणं आहे. बाबांसाठी ठेवलेली जागाही तशीच आहे. मी 'काही नाही' वर बोट दाबते, डिस्क बाहेर काढते, आणि फडक्यात गुंडाळून ठेवते.